एक बाळ ठीक आणि शेजारी द्राक्षगर्भ असेल, तर बाळ वाचतं का?

हे तुम्ही विचारलंय, आणि वहिनींना तेरावा आठवडा आहे असंही लिहिलंय. (द्राक्षगर्भ म्हणजे वारेची द्राक्षांच्या घडासारखी बिघडलेली वाढ.) माझंही असंच होतं, मला कळलं तेव्हा चौदावा होता. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीतलं सोनोग्राफी सेंटर. डॉक्टरबाई एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मिस्टरांना आत बोलवा." पडद्यावर एकीकडे बाळ हात हलवत होतं, दुसरीकडे साबुदाणा सांडावा तसा पांढरा पसारा. बीटा एचसीजी, म्हणजे रक्तातलं गर्भारपणाचं हार्मोन, लाखांत. उलट्या थांबत नव्हत्या त्या यामुळे, आणि घरी सगळे "जुळं आहे ना!" म्हणून खूश.

दोघा डॉक्टरांनी 'काढा' म्हटलं, तिसऱ्यांनी 'लक्ष ठेवून थांबू'. आम्ही थांबलो. एकविसाव्या आठवड्यात बीपी १७०/११०, लघवीत प्रोटीन. माझ्या जिवावर आलं, मोकळं करावं लागलं. बाळ गेलं. नंतर बीटा उतरता उतरता पुन्हा चढला, मग मेथोट्रेक्सेटची, म्हणजे केमोची, इंजेक्शनं.

थोरल्या नणंदबाई अजून ऐकवतात, "तेव्हाच मोकळी झाली असतीस तर इंजेक्शनं टळली असती." टळलीच असती असं नाही हो! २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या अशा ७७ गर्भारपणांचा अभ्यास आला. लवकर गर्भपात केलेल्यांत १६ टक्के बायकांना केमो लागली, पुढे नेलेल्यांत २१. फार फरक नाही. आणि पुढे नेलेल्यांपैकी साधारण चाळीस टक्के जणींना जिवंत बाळ झालं. हट्टी म्हणा, मूर्ख म्हणू नका.

हे सगळं पूर्ण द्राक्षगर्भ (ज्यात स्वतःचं बाळ नसतंच) आणि वेगळी वार असलेलं निरोगी बाळ असेल तरच. अर्धवट द्राक्षगर्भात बाळाचीच गुणसूत्रं ४६ ऐवजी ६९ असतात, ते जगत नाही. म्हणून आधी गर्भजल तपासणीचं विचारा. बीपी, थायरॉईड, रक्तस्राव यांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. गर्भपाताचा निर्णय लांबवला तर कायद्याची आठवड्यांची मर्यादा आडवी येते, तेही डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा. नंतर बीटा कित्येक महिने तपासावा लागतो, तोवर पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत. मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं.

आणि पपई खाल्ली होती का, ग्रहणात बाहेर पडली होती का, असं वहिनींना कुणी विचारलं, तर सांगा की पूर्ण द्राक्षगर्भात बीजांडाची गुणसूत्रं नसतातच, सगळी बापाची असतात. मी हे नणंदबाईंना जेवायच्या पानावर सांगितलं होतं, "त्यात माझं काहीच नव्हतं ताई, सगळं तुमच्या भावाचं." ताक होईपर्यंत कुणी बोललं नाही.