पावलं तीच, अंतर वेगळं कसं?

प्रश्न : गोल्फ क्लब मैदानावर मी आणि माझे यजमान रोज सोबत चालतो. माझा मोबाइल ४.५ किलोमीटर दाखवतो, त्यांचा ३.९. कधी पावलंच मोजली जात नाहीत. बीपीही अ‍ॅपवर बघावं का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मोबाइल अंतर मोजत नाही, हिसके मोजतो आणि पावलाच्या लांबीने गुणतो. ६,००० पावलं ७५ सेंटिमीटरने गुणली की ४.५ किलोमीटर, ६५ने गुणली की ३.९. तुमचा घोळ बहुधा इथेच आहे. अ‍ॅपमध्ये उंची चुकीची असली तरी हेच होतं. नेहमीच्या चालीने ५० पावलं चाला, अंतर टेपने मोजा, ५०ने भागा आणि तो आकडा भरा. जीपीएस चालू ठेवलं तर अंतर अधिक नेमकं येतं, पण बॅटरी लवकर उतरते.

पावलं गायब होतात ती बहुतेकदा बॅटरी सेव्हरमुळे. तो मागे चालणारं अ‍ॅप बंद करतो. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, ‘फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी’ची परवानगीही तपासा. मोबाइल खिशात ठेवा. हातगाडी ढकलताना हातातल्या मोबाइलला हिसकेच बसत नाहीत.

बीपीचं म्हणाल तर, कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या अ‍ॅपवर विसंबून गोळी कमी-जास्त करू नका. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, पाच मिनिटं शांत बसून मोजा. अ‍ॅप फक्त नोंदवहीसारखं वापरा.