बंदरात धोकादायक माल वेगवेगळा का ठेवतात?

मुंबईचंच बघा. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि शिवाय कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी! कापूस आतल्या आत धुमसतो, वरून पाणी मारून लवकर विझत नाही. ती आग दारूगोळ्यापर्यंत पोचली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजही १४ एप्रिलला त्यांना मानवंदना देतात.

आता आयएमडीजी कोडप्रमाणे (जहाजातून धोकादायक माल नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) अशा मालाचे ९ वर्ग आहेत, कोणता कोणापासून किती लांब हेही ठरलेलं असतं. पण पाठवणाऱ्याने मालाचं खरं नाव जाहीर केलं तरच त्याचा उपयोग. खोटं डिक्लरेशन मला सगळ्यात भयंकर वाटतं: बंद कंटेनर पेटला तर पाणी मारायचं की नाही, हेच जवानांना कळत नाही.