तिन्हीसांजेला सासूबाई ‘घरी’ निघतात

ताई, सासूबाई ७८ वर्षांच्या, डिमेन्शिया आहे. दिवसभर बऱ्या असतात. सहा वाजले की गाठोडं बांधून दाराशी उभ्या. ‘माका घराक जावचा, आवस वाट बघता.’ माहेर वेंगुर्ल्याचं. परवा चिडून म्हटलं, ‘तुमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली!’ ओक्साबोक्शी रडल्या. नवरा साडेआठला येतो. काय करू?
— एक सून, डोंबिवली

त्या वाक्याची टोचणी सोडा. सासूबाई ते विसरल्याही असतील. फक्त पुन्हा सांगू नका, त्यांना ती बातमी दरवेळी नवीच असते.

डॉक्टर याला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. या आजारात मेंदूतलं दिवसरात्रीचं घड्याळ बिघडतं. त्यात दिवसाचा शीण, अंधुक उजेड, भिंतीवर सावल्या, खिडकीच्या काळ्या काचेत कुणीतरी अनोळखी बाई. दिवेलागणीची वाट बघू नका. पाचलाच सगळे दिवे लावा, पडदे ओढा. सकाळी गॅलरीत उन्हात बसवा, दुपारची झोप थोडकी ठेवा, चारनंतर चहा नको.

‘घरी’ म्हणतात तेव्हा बहुधा भीती वाटत असते. वाद घालू नका. ‘आवस काय रांधायची?’ असं विचारा. मालवणी येत असेल तर मालवणीतच, लहानपणची भाषा बरेचदा शेवटपर्यंत टिकते. दारापाशी अडल्याच तर चपला घाला, सोसायटीला एक चक्कर मारा, ‘आधी पेज जेवूया’ म्हणत परत आणा. हे खोटं बोलणं आहे का, असं मला एका वाचक बाईंनी विचारलं होतं. असेल. मला त्याचं काही वाटत नाही. आणि साडेपाचलाच समोर मेथीची जुडी ठेवा. निवडलेली भाजी पुन्हा निवडायला लागली तरी चालेल.

बेचैनी एक-दोन दिवसांत एकदम वाढली तर मात्र डॉक्टर गाठा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणं त्यांना सांगता येत नाही, ते असं बाहेर पडतं. शेजारणीने सुचवलेली झोपेची गोळी मुळीच देऊ नका, तोल जाऊन पडतात. शांत करणारी काही औषधं तर या आजारात जिवावर बेततात. वॉचमनला कल्पना द्या, गाठोड्यात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

आता साडेआठवाले. आई त्यांची आहे. आठवड्यातून दोन दिवस त्यांनी सहाला घरी असायला हवं, नाहीतर पाच ते आठ बाई ठेवावी आणि ती त्यांनीच शोधावी. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, पहिला फोन त्यांनाच करू दे. हे उत्तर त्यांच्यासमोर ठेवा. ताईंनी सांगितलंय म्हणा.