सेशेल्सला जा, पण पीककर्ज थकवून नको

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वाचकाचं पत्र आलं आहे. यंदा भाव चांगला मिळाला, कटाईचे ११ लाख खात्यात आहेत, २.७५ लाख व्यापाऱ्याकडे येणं आहे. मे महिन्यात बायको, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा यांना घेऊन हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर जायचं, स्किपरसह (बोट चालवणाऱ्यासह) कॅटामरान, म्हणजे दोन तळांची शिडाची बोट, भाड्यानं घेऊन सात रात्री माहे, प्रालें, ला दिग अशी बेटं फिरायची असा बेत आहे. कोटेशन ८.६ लाखांचं आहे. पैसे कमी पडले तर ३ लाखांचं पीककर्ज यंदा पुढं ढकलायचं का, असं ते विचारतात.

भाऊ, पीककर्जाला हात लावू नका. मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंत व्याज सवलत आहे आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं ते आपल्याला जवळपास फुकट पडतं. थकलं की सवलत जाते, आणि पुढच्या हंगामात बँकेत कर्ज मागायला गेल्यावर सही करणारा साहेब आधी तीच थकबाकी काढतो. एवढं स्वस्त भांडवल बोटीच्या भाड्यासाठी घालवू नये.

आता ११ लाखांकडं पाहू. त्यातले ३ बँकेचे. जूनमध्ये चार एकर मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायची केळी) लावायचा आहे, रोपं, ठिबक, खत, मजुरी धरून एकरी सव्वा लाख हा तुमचाच आकडा. म्हणजे ५ लाख. मुलीच्या अकरावीच्या क्लासचे १.२ लाख. उरले १.८ लाख, आणि ते घरातल्या अडीअडचणीला ठेवायचे. मग या मेमध्ये बोट बसते कुठं? मुलीच्या नावाची ६ लाखांची एफडी आहे, असं तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच लिहिलंय. ती मोडायची नाही. दोन वर्षांनी तिला प्रवेश घ्यायचा आहे.

मे महिन्याला माझी दुसरीही हरकत आहे. आपल्याकडं मे-जूनमध्ये वादळ आलं की घडांसकट बाग आडवी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाग उभी असताना मालकानं समुद्रात असू नये. तिकडंही मेपासून ऑक्टोबरपर्यंत आग्नेयेकडून जोराचा वारा असतो, बोट हलते, नवख्यांना त्रास होतो. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास समुद्र बराच शांत. म्हणजे मुलांची दिवाळीची सुट्टी बरोबर जुळते. फक्त त्या वर्षी कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमारास लावायची केळी) लावणार असाल तर लागवड आणि प्रवास एकमेकांवर येतील, ते आधी ठरवा.

म्हणून माझं मत असं: पुढच्या वर्षीच्या दिवाळीला जा, आणि बोट एकट्यानं घेऊ नका. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणसं चार असोत की आठ. तुमच्या कोटेशनमध्ये बोट ४.८ आणि स्किपर १.३, मिळून ६.१ लाख. चार केबिनची बोट आहे; भुसावळच्या साडूचं कुटुंब सोबत आलं तर तुमच्या वाट्याला ३.०५ लाख. विमान, व्हिसाऐवजी लागणारी प्रवास-परवानगी, माहेवरची एक रात्र असे २.५ लाख. कोटेशनमध्ये न धरलेलं जेवणखाण (स्किपरचंही), डिझेल, सागरी उद्यानांची फी यांना ७५ हजार धरा. सव्वासहा लाखांच्या आसपास जातं. भाडं युरोत असतं, त्यामुळं वर दहा टक्के हाताशी ठेवा. बोटीची सुरक्षा अनामत वेगळी, ती बहुतेक कार्डावर अडकवून ठेवतात. किती, आणि विमा घेतल्यास कमी होते का, हे लेखी मागा.

व्यापाऱ्याकडचे २.७५ लाख या प्रवासाच्या नावानं लिहा. येतील तसे थेट वेगळ्या रिकरिंग किंवा लिक्विड फंडात (लागेल तेव्हा लवकर पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाका. आले नाहीत तर प्रवास लांबेल, पण घराला झळ बसणार नाही. बाकीचे साडेतीन-चार लाख पुढच्या कटाईतून. आणि वादळाचा हंगाम टळेपर्यंत परत न मिळणारा ॲडव्हान्स कुणालाही देऊ नका, टूरवाला कितीही घाई करो.

परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आधीच वसूल केलेला आयकर, घेतात. तो कोटेशनमध्ये वेगळा दाखवायला सांगा, पावती तुमच्या पॅनवर घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून तुम्ही रिटर्न भरत नसाल, पण रिटर्न भरल्याशिवाय तो पैसा परत येत नाही. त्या वर्षी भराच.

मृगबागाचा फळपीक विमा मुदतीत उतरवा, सेशेल्सचं पुढं बघू. आणि मुलांना या उन्हाळ्यातच जळगावला पोहायला घाला. चौघांपैकी कुणालाच पोहता येत नाही असं लिहिलंय तुम्ही, आणि माझ्या हिशेबात बोटीच्या ॲडव्हान्सच्या आधीचा खर्च तो आहे.