साताऱ्याचा ११ कुठे गेला?

प्रश्न : मॅडम, मी कराडला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाडीच्या पाटीवरचा आरटीओ नंबर टाकल्यावर जिल्हा सांगणारा प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये केलाय. ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे जोड्यांच्या यादीत, ११ आणि ५० पुढे सातारा, १२, १४ आणि ४२ पुढे पुणे असं भरलंय. आता जिल्ह्यावरून नंबर हवा म्हणून ऑब्जेक्ट उलटा केला, म्हणजे जिल्हा आधी आणि नंबर त्याच्यापुढे, तर साताऱ्याला फक्त ५० येतोय. एररही नाही. काय चुकलं?

उत्तर : पुण्याचंही बघ, तिथे ४२ एकटाच उरला असेल. ऑब्जेक्टमध्ये एका नावाची ‘की’, म्हणजे जोडीतलं शोधायचं नाव, एकदाच राहते. उलटं करताना ११ आला, त्याने साताऱ्याचा कप्पा उघडला. मग तुमच्या कराडचा ५० आला आणि त्याच कप्प्यात बसला, ११ पुसला गेला. भाषेच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही, म्हणून एरर नाही. तू ५० आधी लिहिला असतास तरी हेच झालं असतं, कारण पूर्णांकासारख्या ‘की’ जावास्क्रिप्ट चढत्या क्रमानेच काढतं.

हे मला फार लागतं, कारण माझ्या हातून एकदा घडलंय. एका वसतिगृहाच्या यादीत मुलीच्या रोल नंबरपुढे वडिलांचा मोबाइल होता. मी ती उलटी करून सुट्टीचे मेसेज पाठवले. दोन बहिणी एकाच खोलीत, वडिलांचा मोबाइल एकच. मेसेज गेला तो धाकटीच्याच नावाने. शनिवारी वडील आले आणि गेटवर थोरलीचं नावच यादीत नाही. ती पोरगी बॅग घेऊन तासभर पायरीवर बसून होती.

तेव्हा प्रत्येक जिल्ह्यापुढे एक आकडा न ठेवता अ‍ॅरे, म्हणजे अनेक नंबर मावणारी यादी, ठेव. ‘ऑब्जेक्ट डॉट एन्ट्रीज’ सगळ्या जोड्या देतं, त्यावर लूप फिरव. जिल्हा नव्या ऑब्जेक्टमध्ये नसेल तर त्याच्यापुढे रिकामा अ‍ॅरे मांड, मग नंबर त्यात पुश कर, म्हणजे शेवटी जोड. साताऱ्याला ११ आणि ५० दोन्ही मिळतील. लोडॅश ही जावास्क्रिप्टची तयार फंक्शनांची लायब्ररी वापरत असशील तर ‘इन्व्हर्टबाय’ हेच करतं. नुसतं ‘इन्व्हर्ट’ घेतलंस तर पुन्हा शेवटचाच उरेल. पायथन भाषेत ‘सेटडिफॉल्ट’ने काम भागतं.

आणखी एक. ऑब्जेक्टच्या ‘की’ मजकूर म्हणूनच साठतात. उलटल्यावर हातात येणारा ११ आकडा नसतो, तिहेरी बरोबरच्या चिन्हाने (===) आकड्याशी ताडलास तर जुळणार नाही. पण घाईने त्याचा आकडा करू नकोस, मजकूरच राहू दे. कोल्हापूरचा ०९ घालशील तेव्हा तो अवतरणचिन्हांत लिही, नाहीतर पुढचं शून्य जाईल.

उलटून झाल्यावर सगळ्या अ‍ॅरेंची लांबी मिळवून बघ. तुझ्या यादीत पाच नंबर होते, बेरीज पाचच यायला हवी.