माईआजी कुठे गेली?

प्रिय 'अडकित्त्यातली सुपारी',

चार पानी पत्र, तेही हातानं लिहिलेलं! वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. कर्वेनगरात तीन खोल्यांचं घर, त्यात तू, नवरा, सात वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई माळकरी. रोजचा हरिपाठ चुकत नाही, एकादशी मोडत नाही. गेल्या वर्षी तुझी आई गेली, बाबा एकटे पडले, म्हणून तू त्यांना आपल्याकडे आणलंस. बाबांचं निम्मं आयुष्य अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात गेलेलं. आईनं स्वतः अर्ज भरून देहदान केलं होतं आणि 'माझ्यामागं काही करत बसू नका' असंही सांगून ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात वर्ष भरतंय. सासूबाई म्हणतात, 'विहीणबाईंना अग्नी नाही, पिंड नाही, निदान वर्षश्राद्ध तरी करा.' बाबा म्हणतात, 'या घरात भटजी पाऊल टाकणार नाही.' (घर तुझं आहे, पण ते असो.) आणि परवा जेवताना लेकीनं विचारलं, 'आजी म्हणते माईआजी देवाघरी गेली. आजोबा म्हणतात ती कुठेच गेली नाही. खोटं कोण बोलतंय?'

लेकीचं आधी बघू, कारण तुम्हा पाचांत नेमका प्रश्न तिनंच विचारलाय. आत्मा अमर आहे की नाही याचा निकाल तिला नकोय. जेवताना मोठी माणसं एकमेकांवर का डाफरतात आणि त्यात आपलं काही चुकलं का, एवढंच तिला कळायला हवंय. तिला सांग की खोटं कुणीच बोलत नाही. माहीत असून उलटं सांगणं म्हणजे खोटं. आजीला मनापासून जे वाटतं ते आजी सांगते, आजोबांना वाटतं ते आजोबा. 'आणि तुला काय वाटतं?' असं ती विचारेलच. तेव्हा तुझं खरं उत्तर दे. 'मला नक्की माहीत नाही, पण मला तिची फार आठवण येते' हे उत्तर सात वर्षांच्या मुलीला पुरतं.

आता मोठ्यांकडे वळू. आपल्याकडे भांडणाचंसुद्धा शास्त्र आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते कळावं म्हणून करतात तो वाद. जिंकायचंच म्हणून करतात तो जल्प. आणि स्वतःची बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची तेवढी मोडायची, ती वितंडा. आपला 'वितंडवाद' तिथूनच आला. तू लिहून पाठवलेले रात्रीचे संवाद वाचले. बाबा उघड उघड जल्प करतात. सासूबाई, राग मानू नकोस, भांडी आपटतात. त्याला न्यायसूत्रांत नाव नाही.

त्या जुन्या पंडितांची एक शिस्त मात्र मला फार आवडते. आपलं मत मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं की त्यानं ऐकून 'हो, हेच म्हणतोय मी' असं म्हणावं. मग उत्तर. ईश्वर मानणारे नैयायिक, त्याच्यावाचून काही न अडलेले सांख्य आणि मीमांसक, वेदच न मानणारे बौद्ध आणि जैन, हे सगळे शतकानुशतकं एकमेकांशी असेच वाद घालत राहिले. कुणी कुणाला पुरतं पटवलं नाही. तुझ्या घरातही कुणी कुणाला पटवणार नाही, तो नाद सोड.

एक कर. रविवारी सकाळी बाबांना टेकडीवर घेऊन जा, एकट्यांना. त्यांना विचार, 'सासूबाईंना नेमकी कशाची धास्ती वाटते, ते त्यांच्या बाजूनं सांगा बरं.' 'अडाणी समजूत' हे उत्तर बाद धरायचं. थोडं चालल्यावर ते स्वतःच म्हणतील की, आपली विहीण कुठेतरी उपाशी, अडकून पडली असेल असं त्यांना वाटतं. म्हणजे ती बाई तुझ्या आईची काळजी करतेय! मग घरी येऊन हाच प्रश्न सासूबाईंना, बाबांबद्दल. श्राद्ध केलं तर बायकोला दिलेला शब्द मोडल्यासारखं त्यांना वाटतं, हे सासूबाईंच्या तोंडून निघू दे. दोघंही एकाच बाईशी इमान राखून आहेत, आणि हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

दधीची ऋषींनी अस्थी दिल्या, मग देहदान तर पुण्यच, हा दाखला मात्र सासूबाईंवर फेकू नकोस. तो त्यांनी वर्षभरात दहा जणांकडून ऐकला असणार.

बाबांना एक आठवण कर. ज्या कायद्यासाठी त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या, ज्याच्या आधी 20 ऑगस्ट 2013 ला याच शहरात, पुलावर, डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, तो जादूटोणाविरोधी कायदा वारी, कीर्तन, भजनाला हातही लावत नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलेलंच आहे. मग संध्याकाळच्या हरिपाठाला टीव्हीचा आवाज का वाढतो? आणि नवसासायासांची टर तुकोबांइतकी कुणी उडवली आहे? सासूबाईंच्या गळ्यातली माळ बाबांना वाटते तितकी परकी नाही.

आता निर्णय. तुझ्या आईनं स्वतः सांगून ठेवलंय, म्हणून पिंडदान नको. इथं माझं मत बाबांच्या बाजूनं. पण त्या दिवशी सासूबाईंनी आपल्या देव्हाऱ्यापुढं विहिणीचं नाव घेऊन हरिपाठ म्हटला, नैवेद्य दाखवला, तर त्याला बंदी घालायचा हक्क कुणालाच नाही, बाबांनाही नाही. ते त्यांचं त्यांच्या मैत्रिणीशी आहे.

हो, मैत्रीण. तिसऱ्या पानाच्या तळाशी तू एक ओळ सहज लिहून गेलीस. पालखी पुण्यात मुक्कामाला आली की आई दरवर्षी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या बाजूला वारकऱ्यांसाठी पोळ्या लाटायला जायची, आणि शेवटची दोन वर्षं सासूबाईही तिच्याबरोबर गेल्या. देव मानत नसलेली बाई! बाबांनी कधी अडवलं नाही, उलट स्कूटरवरून कणकेचं पोतं पोचवायचे, असंही लिहिलंयस. ही ओळ लिहून तू पुढे सासूबाईंच्या तक्रारीकडे वळलीस. मी मात्र तिथंच थांबले.

वर्ष त्या पोळ्यांवर कर. पैठणला एकनाथांनी पितरांच्या श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या अस्पृश्यांना वाढला आणि ब्राह्मणांचा रोष ओढवून घेतला, ही कथा सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. त्यांनाच विचार, की श्राद्धाचं जेवण भुकेल्याच्या पोटात गेलं तर नाथांना चाललं, तुम्हाला चालेल का? खेड्यातून पुण्यात शिकायला आलेली, महिनाअखेरीला खानावळीचे पैसे संपलेली पोरं तुमच्या आसपास किती असतील. वीस जणांना जेवू घाला. स्वयंपाक सासूबाईंच्या देखरेखीखाली, बाजारहाट बाबांकडे. वाढताना आईचं नाव घ्यायचं की नाही ते वाढणाऱ्यानं ठरवावं. लेकीला पाणी वाढायला ठेव.

लेकीच्या तापाचं विचारलंयस, तर अंगारा कपाळावर लावला तर लावू दे, पोटात मात्र डॉक्टरांचंच औषध. तिथं तडजोड नाही, आणि हे सासूबाईंना तू सांगायचं, बाबांनी नव्हे.

राहिला तुझा नवरा. 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून तो मोबाईल घेऊन गॅलरीत जातो, असं चारही पानांत मिळून एकदाच आलंय. अगं, आई त्याची आहे. वीस माणसांच्या पोळ्या लाटायच्यात, पोळपाटाशी त्याला बसव.

तुझी,
मावशी