माझे वडील सत्तरीत आहेत, गावी राहतात. गुडघे दुखतात तरी परसबागेत राबणं सोडत नाहीत. त्यांची बाग कमी कशी करावी?

प्रश्न वाचला आणि वाटलं, आमच्याच चिरंजीवांनी नाव बदलून विचारलाय की काय! मी ७२ वर्षांचा. बाग कमी कशी करावी ते मला विचारू नका. दुसऱ्याने परस्पर कमी केली की काय होतं ते सांगतो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मला मुलीकडे नेऊन ठेवलं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही. बरोबरच होतं ते, डॉक्टरांशी माझं काही भांडण नाही. परत आलो तर परस गायब. मागच्या दारापासून कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक, खाली धुमस मारून दाबलेली कच, सांध्यांत सिमेंट. अळू, गवती चहा, गुलबक्षी, सगळं त्याच्या पोटात. "बाबा, आता चिखल नाही, तण नाही. खुर्ची टाकून निवांत बसा." सुनेने खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. शेजारीपाजारी येऊन झकास झालं म्हणून गेले. एवढ्या कौतुकात मी तोंड कसं उघडणार?

लिंबाचं झाड तेवढं ठेवलं होतं. त्याच्याभोवती बसायला ओटा बांधून खोडाला चांगली हातभर माती लावलेली, वरून सिमेंटचा गिलावा. ज्याने हे केलं त्याला झाड म्हणजे खांब वाटत असावा. लिंबाच्या खोडाशी ओली माती साचून राहिली की साल कुजते. पाणी-अन्न घेणारी बारीक मुळं खोडाशी नसतातच, ती वरच्या दीड-दोन फूट मातीत फांद्यांच्या घेरापर्यंत आणि त्याच्याही पुढे पसरलेली असतात. म्हणजे मुळांना पाणी नाही, हवा नाही आणि खोडाला मात्र चोवीस तास ओल. सगळं उलटं.

पावसाळा सरता सरता पानं पिवळी पडली, मग शेंडे वाळायला लागले. मुलगा म्हणाला, म्हातारं झालंय झाड. हे वाक्य कोणाला लागलं ते सांगायला नको. मी पहार घेतली आणि ओटा फोडला. खोडाच्या बुंध्याशी डिंकाचे थेंब होते, चहाच्या रंगाचे, काही अजून चिकट, काही काचेसारखे कडक. डिंक्या रोग. चाकूने साल खरवडली तर आत तपकिरी, कुबट वासाची. हिरवी कड लागेपर्यंत खरवडत गेलो. जवळजवळ अर्धं खोड गेलेलं.

मग बोर्डो पेस्ट, म्हणजे खोडाला फासायचा बुरशीनाशक लेप. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. एका झाडाला एवढं लागत नाही, त्या प्रमाणात कमी करा. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचे, लोखंडी भांडं अजिबात नको, आणि मग एकत्र करायचे. झाल्यावर विळ्याचं पातं घासून त्यात बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. जुनी माणसं असंच बघायची. ती पेस्ट कुंचल्याने खोडाला फासली, झाडाच्या घेरातले ब्लॉक उचकटले, खालची कच काढून कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा पसरला. एक मोठी फांदी कापावी लागली. बाकीचं झाड पुढच्या वर्षी फुटलं, लिंबंही धरली. मुलगा म्हणतो, बाजारात मिळतात की लिंबं. मिळतात ना, मी कुठे नाही म्हणतोय?

आता तुमच्या वडिलांबद्दल. वय झालं की माणूस बाग आपली आपण कमी करत असतो, फक्त कोणाला सांगत नाही. नीट बघा, लांबच्या कोपऱ्यातला वाफा त्यांनी कधीच सोडून दिला असेल. मी खड्डे खणणं बंद केलं, मिरची-वांगी कमी केली आणि मांडव घातला. दोडका, घेवडा, कारलं उभ्यानेच तोडता येतं. घागर नेत नाही, दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या नेतो. आच्छादन जाड ठेवलं की निम्मी खुरपणी वाचते. वाफा उंच बांधून द्यायचा असेल तर कमरेच्या जरा खाली ठेवा आणि रुंदी ४ फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर मधे हात पोचत नाही. पण आधी त्यांना विचारा! गवंडी ठरवून मग विचारू नका.

गुडघ्यांचं म्हणाल तर उकिडवं बसणं वाईट, चालणं-वावरणं वाईट नाही. बुटकं स्टूल आणि लांब दांड्याचं खुरपं द्या. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्या लोकांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. खुर्चीत बसून तो कसा होतो ते आमच्या चिरंजीवांनी मला अजून समजावलेलं नाही.

हां, वडील मधे पडले असतील, उठताना चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, तर माझं ऐकत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर भर उन्हात काम नको. वय वाढलं की तहान कमी लागते, त्यामुळे पाण्याचा तांब्या वाफ्याशेजारीच हवा. मधुमेह असेल तर अनवाणी अजिबात नको, पायाला काटा लागलेलाही कळत नाही. आणि मुलाची बाजू म्हणून सांगतो, त्याची आई मागच्या दारी शेवाळावरून घसरली होती, ब्लॉक त्यावरून सुचले. दारापासून मोरीपर्यंतचे मी तसेच ठेवलेत. त्यांच्यावरही शेवाळ धरतंच, दर पावसाळ्यात मीच घासतो.

एक मात्र आजच फोन करून विचारा, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं. दहा वर्षं उलटून गेली असतील तर बूस्टर घ्यायला लावा. माती, शेणखत आणि काट्यांत हात घालणाऱ्याला ते हवंच. माझ्या मुलाने ब्लॉकचे चार रंग दाखवले, हे एकदाही विचारलं नाही.